नाचोज म्हणजे नाचोचं

प्रश्न असा आला आहे: पाकिटावर ‘टॉर्टिला चिप्स’ छापलेलं असतं, तरी सगळे ‘नाचोज’ म्हणतात, ते चालेल का? आणि उच्चार टॉर्टिला की टॉर्टिया?

उच्चार तोर्तिया. मेक्सिकोत जोडीनं आलेल्या दोन ‘एल’चा उच्चार ‘य’ होतो. मूळ शब्द तोर्ता, तोर्तिया हे त्याचं लघुरूप.

‘नाचोज’ मात्र सरसकट चालणार नाही. मक्याचा नुसता तळलेला त्रिकोणी तुकडा म्हणजे तोर्तिया चिप. मेक्सिकोत त्याला तोतोपो म्हणतात, तो शब्द नाहुआत्ल भाषेतून आला. त्यावर चीज वितळलं आणि हालापेन्यो मिरचीचा काप बसला, की नाचोज. कोरड्या चिपला कुणी नाचोज म्हटलं की माझं डोकंच फिरतं, कारण त्या नावामागे एक माणूस आहे. १९४३ साली मेक्सिकोतल्या, टेक्सासच्या सीमेलगतच्या पिएद्रास नेग्रास गावी, व्हिक्टरी क्लबमध्ये स्वयंपाकी जागेवर नव्हता, तेव्हा इग्नासिओ अनाया यांनी पाहुण्या बायकांसाठी ही बशी स्वतः करून आणली. इग्नासिओचं लाडाचं रूप नाचो. बोबडं मूल ‘सांग’ला ‘चांग’ म्हणतं ना, तोच हा ‘स’चा ‘च’. रोसारिओची चारो होते तीही अशीच. पदार्थाचं नाव पडलं ‘नाचोज स्पेशल’. म्हणजे शेवटचा ‘ज’ अनेकवचनाचा नाहीच, षष्ठीचा आहे!

तरी काही जण सांगत सुटतात की स्पॅनिशमध्ये ‘नाचो’ म्हणजे नकटा, म्हणून चपट्या तुकड्याला हे नाव. अहो, नावाचा धनी समोर उभा असताना त्याचं नाक कशाला तपासता?

आता माझ्या आवडीची गोष्ट. इग्नासिओ म्हणजे लॅटिन इग्नातिउस. कोशकार म्हणतात, मूळ रोमन घराण्याचं नाव एग्नातिउस, बहुधा एत्रुस्कन, म्हणजे इटलीतल्या एका प्राचीन भाषेतलं, त्याचा आगीशी संबंध नाही. एवढ्यावर थांबणं मला मुळीच मान्य नाही. मग ‘ए’चा ‘इ’ का झाला? लोकांना त्या नावात ‘इग्निस’ ऐकू आला म्हणून. इग्निस म्हणजे आग, आपल्या ‘अग्नी’चा सख्खा भाऊबंद. लोकांनी कान देऊन शब्दाला जो आकार दिला, तोही व्युत्पत्तीतच धरायला हवा. नुसता जन्मदाखला पाहून कोशात नोंद करणं हा आळस आहे. इग्नासिओचा नाचो होताना पुढचं ‘इग्’ गळून गेलं, पण अग्नीतला ‘न’ नाचोत अजून शाबूत आहे.