मोडायचं कुठे, हे आधी ठरवा

वाचकांचे प्रश्न : रेडिओ कंट्रोल मॉन्स्टर ट्रक आणि बाहेरचे पार्ट

गेली अकरा वर्षं मी रिमोटच्या मॉन्स्टर ट्रकसाठी बाहेरचे, म्हणजे ट्रकच्या मूळ कंपनीचे नसलेले, पार्ट बनवून विकायला काढते आहे. आर्म (चाकाला ट्रकच्या सांगाड्याशी जोडणारा दांडा), नकल (आर्मच्या टोकाचा, चाक धरणारा भाग), मोटर माउंट (मोटर बसवायचा भाग), चाकांचे हेक्स (चाक अडकवायचे षटकोनी तुकडे). या वेळच्या निम्म्याहून जास्त पत्रांत फिरून फिरून एकच तक्रार होती, म्हणून तिला जास्त जागा देते.

प्रश्न : ताई, माझ्या १:८ (खऱ्या गाडीच्या एक-अष्टमांश मापाच्या) ट्रकचा पुढचा खालचा आर्म तीन वेळा मोडला. कंटाळून अ‍ॅल्युमिनियमचा बसवला. आर्मला काही झालं नाही, पण दोन आठवड्यांत हिंज पिन (आर्म जिच्यावर वरखाली हलतो ती सळई) वाकली आणि बल्कहेड (ती पिन धरणारी पेटी) फुटला. पार्टच खराब होता, की माझं बसवायचं चुकलं?

उत्तर : पार्ट चांगला होता आणि तुम्ही बसवलातही नीट. चुकलं ते पार्ट काढणाऱ्याचं. तीच चूक मीही एकदा केली आहे, म्हणून खात्रीने सांगते.

आधी हिशोब बघा. सहा किलोचा ट्रक दोन मीटरवरून खाली येतो तेव्हा टेकताना त्याचा वेग ताशी साडेबावीस किलोमीटरच्या आसपास असतो, आणि जिरवायची ऊर्जा असते सुमारे ११८ ज्यूल. चारही चाकं एकदम टेकली तर टायर, स्प्रिंग आणि शॉकमधलं (धक्का जिरवणाऱ्या नळीतलं) तेल मिळून ती पचवतात. पण ट्रक तिरका आला, किंवा चाक समोरून दगडावर आदळलं, तर शॉक दबायलाच वाव मिळत नाही. सगळा दणका आर्ममधून आत जातो. नायलॉनचा आर्म अशा वेळी पिळला जातो, वाकतो आणि पुन्हा सरळ होतो. फारच झालं तर मोडतो. अ‍ॅल्युमिनियमचा आर्म दणका जसाच्या तसा पुढे ढकलतो. पुढे हिंज पिन, तिच्यामागे बल्कहेड, बल्कहेडच्या पोटात डिफ, म्हणजे दोन्ही चाकांना जोर वाटून देणारे गिअर. आर्म बदलणं दहा मिनिटांचं काम आहे. बल्कहेड बदलायचा तर अर्धा ट्रक उघडावा लागतो.

माझा विकायला काढलेला पहिला पार्ट असाच आर्म होता. ६०६१ जातीच्या धातूऐवजी मुद्दाम जास्त मजबूत ७०७५ घेतलं. टी६ (उष्णता देऊन कडक केलेल्या) अवस्थेत ६०६१ साधारण २७६ मेगापास्कल ताणाला कायमचं वाकायला लागतं, ७०७५ जवळपास ५०० ला. वजनात फरक नगण्य. पंचवीस बॅटऱ्या संपेपर्यंत ट्रक चालवला, आर्मवर ओरखड्यांपलीकडे काही नाही. मला आभाळ ठेंगणं झालं होतं. मग एका गिऱ्हाइकाचा ट्रक डिफ आवाज करतो म्हणून परत आला. उघडला तर बल्कहेडमधली बेअरिंगची जागा लांबट झालेली, बेअरिंग त्यात डुलतंय, आणि क्राउन गिअरचे (डिफच्या मोठ्या गिअरचे) दात एकाच बाजूने खाल्लेले. माझा चाचणीचा ट्रक उघडला, तर त्यातही तेच सुरू झालेलं! पंचवीस बॅटऱ्या मी फक्त माझा पार्ट न्याहाळत बसले होते. तेव्हापासून नियम केला : चाचणीनंतर माझा पार्ट सगळ्यात शेवटी बघायचा. आधी त्याच्या आतले आणि बाहेरचे शेजारी उघडायचे.

अजून एक. तुमचा तो ‘शाबूत’ आर्म काढून जाड काचेवर ठेवा आणि चारही कोपरे बोटाने दाबा. टक टक वाजला तर तो वाकलेला आहे. नुसत्या डोळ्यांना हे दिसत नाही, पण हिंज पिनची दोन भोकं एका रेषेत राहत नाहीत, आर्म स्वतःच्या वजनाने खाली पडायचा थांबतो आणि सस्पेन्शन अडकत चालतं. नायलॉन मोडतं तेव्हा निदान सांगून मोडतं.

आता मूळ आर्म तीनदा का मोडला, ते शोधू. तुकडे ठेवले असतील तर मोडलेली जागा बघा. शॉकच्या भोकापाशी मोडत असेल, तर शॉक पूर्ण दबून तळाला आपटतोय. तेल घट्ट करा, स्प्रिंग कडक करा. हिंज पिनच्या डोळ्यापाशी मोडत असेल, तर पिन घट्ट बसते आहे का ते बघा; ४ मिलिमीटरच्या पिनसाठी मी भोक रीमरने (भोक नेमक्या मापाचं करणाऱ्या हत्याराने) ४.०५ पर्यंत नेते. आणि बाहेरच्या टोकाला, नकलपाशी मोडत असेल, तर तो चाकाला बसणारा थेट दणका आहे. तिथे बंपर थोडा रुंद केला तरी पुष्कळ फरक पडतो.

नकल, मोटर माउंट, शॉकची टोपणं यांना अ‍ॅल्युमिनियम जरूर वापरा. नकलमध्ये बेअरिंग घट्ट धरलं जातं, माउंटमधून मोटरची उष्णता बाहेर पडते. आर्म आणि बंपर मात्र नायलॉनचेच ठेवा.

प्रश्न : ताई, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. थ्रीडी प्रिंटरवर पीएलएचा (प्रिंटरमध्ये वापरायच्या एका प्लास्टिकचा) शॉक टॉवर, म्हणजे शॉकचं वरचं टोक धरणारी पट्टी, काढला. कॉम्प्युटरवर ताण तपासला तेव्हा सगळं हिरवं, म्हणजे सुरक्षित, दाखवत होतं, पण पहिल्याच उडीत फुटला. चाचणी करायची तरी कशी?

उत्तर : कॉम्प्युटरला तू बहुधा एकजीव पदार्थ सांगितला होतास. प्रिंट म्हणजे थरावर थर, आणि दोन थरांमधली पकड थराच्या आतल्या ताकदीपेक्षा बरीच कमी. फुटलेल्या टॉवरची कड बघ. ती सपाट, लाकडाची ढलपी निघावी तशी असेल, तर तो थरांमध्येच उकलला आहे. टॉवर आडवा झोपवून प्रिंट कर, म्हणजे शॉकची ओढ थरांच्या लांबीने जाईल. दुसरं, पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. उन्हात, मोटरशेजारी तेवढं सहज होतं. मापं जुळतात का हे बघायला पीएलए उत्तम. पळवायला नायलॉन घे.

नायलॉनची एक खोड आहे. ते पाणी पितं, आणि थोडं पाणी प्यायलेलं नायलॉन जास्त चिवट असतं. साच्यातून नुकताच निघालेला कोरडाठाक आर्म काडकन मोडतो. तोच आर्म पाण्यात ठेवून मुरवला की वाकून परत येतो. पण पाणी प्यायल्यावर तो किंचित फुगतोही, म्हणून भोकांची मापं मुरवल्यानंतर घ्यायची. मी सुरुवातीला कोरड्या आर्मवर चाचणी केली, निकाल वाईट आले म्हणून जाडी वाढवली आणि विनाकारण जड पार्ट काढला.

चाचणीबद्दल. डाव्या बाजूला कंपनीचा पार्ट लाव, उजव्या बाजूला तुझा. ट्रक तोच, मैदान तेच, चालवणाराही तोच. एका वेळी एकच गोष्ट बदल. आकार आणि पदार्थ दोन्ही एकदम बदललेस तर काय कामी आलं ते कधीच कळणार नाही. उडीचा व्हिडिओ मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये घे. पहिल्यांदा बघशील तेव्हा आर्म किती वाकतात ते पाहून धस्स होईल. आणि प्रत्येक बॅटरीनंतर पार्ट पुसून तिरप्या उजेडात धर. काळ्या प्लास्टिकवर आतल्या कोपऱ्यापाशी केसासारखी पांढरी रेघ दिसली तर तिथे पदार्थ ताणला गेला आहे. पुढच्या खेपेला मोडणार तो तिथूनच. त्या कोपऱ्याला गोलाई दे. काटकोनी आतला कोपरा एक मिलिमीटरच्या गोलाईने बदलला की नुसती जाडी वाढवून जेवढा फायदा मिळतो त्याहून जास्त मिळतो, आणि वजन जवळपास तेवढंच राहतं.

पहिलाच टॉवर फुटला म्हणून खट्टू होऊ नकोस. फुटलेला पार्ट हातात असणं ही चाचणीतली खरी कमाई आहे.

प्रश्न : ३२ पिचच्या स्पर गिअरवर (मोटरने फिरणाऱ्या मोठ्या गिअरवर) ०.८ मॉड्यूलचा पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) चालेल का?

उत्तर : पिच आणि मॉड्यूल ही गिअरच्या दातांचा आकार सांगायची दोन मापं. ३२ पिच म्हणजे ०.७९४ मॉड्यूल. फरक एका टक्क्याहून कमी, त्यामुळे बरेच जण चालवतात आणि चालतंही. ६एस (सहा सेलच्या) बॅटरीवर मी चालवत नाही. २००० केव्हीची (एका व्होल्टमागे मिनिटाला २००० फेऱ्यांची) मोटर २२.२ व्होल्टला भार नसताना मिनिटाला ४४ हजारांवर फेरे घेते, तिथे ही तफावत दातांवर दिसते. १ मॉड्यूल आणि ३२ पिच मात्र कधीच जोडू नका. दात बसल्यासारखे वाटतात आणि एका झटक्यात सोलून निघतात. दोन गिअरमधलं अंतर ठरवताना वहीच्या कागदाची पट्टी मध्ये घालून गिअर दाबा, माउंट आवळा, मग पट्टी फिरवून काढा. पट्टीवर घड्या उमटाव्यात, ती फाटू नये.

प्रश्न : ताई, माझ्याकडे जुना टामियाचा क्लॉड बस्टर आहे. सरळ चालवतानाही तो लटपटतो. अजून पार्टवर खर्च करावा का?

उत्तर : जरूर करा! १९८७ चा हा ट्रक माझ्या फार जवळचा आहे. पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलवर एकेक मोटर, दोन्ही अ‍ॅक्सल वळणारे. मधली चेसिस अख्खी बदलली तरी चालतं, म्हणून हौशी मंडळी अजूनही त्याच्याभोवती नवेनवे ट्रक उभे करतात. लटपट येते ती स्टिअरिंगच्या लांबलचक जोडण्यांमधून. प्रत्येक सांध्यातली थोडी थोडी ढिलाई चाकापाशी पोहोचेपर्यंत साठत जाते. सर्व्हो (चाकं वळवणारी छोटी मोटर) थेट अ‍ॅक्सलवर बसवणारा माउंट घ्या, मधल्या जोडण्या काढून टाका. घेण्याआधी सर्व्होच्या शाफ्टचे दात मोजा. २३, २४ आणि २५ दातांचे हॉर्न (त्या शाफ्टवर बसणारे छोटे दांडे) दिसायला सारखेच असतात, पण एकाचा दुसऱ्याला बसत नाही.

प्रश्न : थ्रेडलॉक (स्क्रू ढिला पडू नये म्हणून लावायचं चिकट द्रव्य) सगळ्या स्क्रूंना लावावं का?

उत्तर : धातूत धातू जात असेल तिथेच, निळं, एक थेंब. नायलॉनमध्ये जाणाऱ्या स्क्रूला गरज नाही. पॉलिकार्बोनेटच्या बॉडीला ते लागू देऊ नका. तिथे बारीक तडे जातात.

प्रश्न : मीही पार्ट काढायला सुरुवात केली आहे. विकायला कधी काढावा?

उत्तर : माझी पद्धत सांगते. माझ्या ट्रकवर चाळीस बॅटऱ्या. मग तोच पार्ट तीन वेगवेगळ्या लोकांना द्यायचा, त्यातला एक तरी बेदरकार चालवणारा हवा. मी स्वतः चालवताना नकळत पार्टला जपते, हे मला व्हिडिओ बघूनच कळलं. नंतर मापं पुन्हा घ्यायची, पहिल्या नगाशी ताडून. आणि विकल्यावर गिऱ्हाइकांना सांगून ठेवायचं की मोडला तर तुकडे पाठवा, पण धुऊ नका. मोडलेल्या कडेचा एक भाग मातीने काळवंडलेला आणि उरलेला स्वच्छ असेल, तर तडा आधीच गेलेला होता, शेवटच्या उडीत फक्त तुटला. पूर्ण कड स्वच्छ असेल, तर एकाच दणक्यात गेला. पहिल्या प्रकारात मी गोलाई वाढवते, दुसऱ्या प्रकारात आधी विचारते, कशावर आदळला होता?