बाईंना विचारा : खांदे, काटा आणि चार किलोचा गोळा

या अंकासाठी तीन पत्रं घेते. पहिल्याला जागा जास्त लागणार आहे, बाकीच्या दोघांनी समजून घ्यावं.

*बाई, नमस्कार. आम्ही चोपडा तालुक्यातले. मुलगी बारावीला आहे, गोळाफेक करते. गेल्या वर्षी जिल्ह्यात पहिली येऊन विभागीय स्पर्धेला गेली. पुढे पोलीस भरती द्यायची म्हणते. पण तिचे खांदे आणि दंड फार भरले आहेत. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सगळे जमले होते, तेव्हा माझ्या सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, “आंडेर (मुलगी) शे का पैलवान शे?” सगळे हसले, तीही हसली. तेव्हापासून रात्रीची जेवत नाही, भूक नाही म्हणते. गोळाफेक बंद करून नुसतं पळायला लावलं तर बारीक होईल का? आणखी एक, तीन महिने पाळी आलेली नाही. ती म्हणते, खेळणाऱ्या मुलींचं असंच असतं.*
— एक आई

ताई, तुम्ही शेवटी लिहिलेलं मी आधी घेते. खांदे थांबतील, पाळी थांबलेली चालणार नाही.

“खेळणाऱ्या मुलींचं असंच असतं” हे वाक्य तुमच्या मुलीला माझ्यासारख्याच कुणीतरी सांगितलं असणार. मी धुळ्याला एकतीस वर्षं शाळेत खेळ शिकवला आणि निम्मी वर्षं हेच सांगत होते. ते चूक आहे. सराव वाढला आणि ताटातलं कमी झालं की शरीर घरखर्चासारखी काटकसर सुरू करतं, आणि ज्यावाचून आजचा दिवस निघतो ते आधी बंद करतं. पाळी त्यातली. पण पाळीबरोबर जे हार्मोन कमी होतं त्यावर हाडांची मजबुती अवलंबून असते, आणि हाडं भरायचं वय हेच आहे. पुढे नडगीला किंवा पावलाला बारीक तडे जातात, दम लवकर लागतो, सराव करूनही अंतर वाढत नाही. मुलगी म्हणते मी कमी पडते, आणि आणखी कमी खाते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये याला ‘रेड-एस’ असं नावही दिलं. मुलांनाही होतं बरं का, फक्त त्यांच्यात पाळीसारखी खूण नसते म्हणून लवकर कळत नाही.

तेव्हा या आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या. थायरॉईड, रक्त कमी असणं, अंडाशयाच्या गाठी, अशी दुसरी कारणंही असू शकतात, ती डॉक्टर बघतील. लघवीची एक तपासणी सांगतील, तेव्हा मुलीवर संशय घेतला म्हणून रागावू नका, ती सगळ्यांनाच सांगतात. मात्र रोज किती तास सराव करते आणि रात्रीचं जेवण सोडलं आहे, हे तुम्ही आपणहून सांगा. गर्दीत विचारायचं राहून जातं. आणि गोळ्या देऊन पाळी आली म्हणजे काम झालं असं समजू नका. जेवण परत सुरू झालं का, ते बघायचं.

पळायला लावून बारीक करायचा विचार सोडा. आधीच कमी खाणाऱ्या पोरीला आणखी पळवणं म्हणजे रिकाम्या टाकीवर मोटरसायकल घाटात घालणं. डबेवाल्या पावडरीही नकोत. तुमचा तालुका केळीचा. सरावानंतर लगेच दोन केळी आणि मूठभर शेंगदाणे, घरी आल्यावर दादरची (रब्बी ज्वारीची) भाकरी, उडदाची डाळ, चालत असतील तर अंडी. जेवताना ‘खा, खा’ करू नका. सगळ्यांबरोबर बसवा आणि दुसऱ्या कशाबद्दल तरी बोला. दोनतीन आठवड्यांतही जेवत नसेल, अन्न लपवत असेल किंवा जेवून ओकून टाकत असेल तर ते मनाच्या डॉक्टरांचं काम आहे. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या नंबरवर फुकट आहे, मराठीतही बोलतात.

आता खांदे.

पुरुषांच्या शरीरात स्नायू फुगवणारं जे हार्मोन असतं ते बायकांत कितीतरी पटींनी कमी असतं. म्हणून मुलीच्या अंगावर असे दंड यायला वर्षानुवर्षं घासावं लागतं. तुमच्या मुलीचे खांदे तिने कमावलेले आहेत, वाढून बसलेले नाहीत. पोलीस भरतीत मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि चार किलोचा गोळा असतो. ५० गुणांच्या मैदानी परीक्षेत १५ गुण त्या गोळ्याचे. ज्या खांद्यांना घर हसतंय तेच तिला ते १५ गुण मिळवून देणार आहेत, आणि तुम्ही गोळाच सोडायचं विचारताय!

तुम्ही लिहिलेलं नाही, पण मी पैजेवर सांगते, त्याच आखाजीला तालमीत जाणारा एखादा पुतण्या बनियनवर फिरत असेल आणि त्याच आजीने मीठ-मोहरीने त्याची दृष्ट काढली असेल. सारंगखेड्याच्या यात्रेत रुंद खांद्याचा मल्ल दिसला की आपणच पोरांना म्हणतो, बघ, असं व्हायला पाहिजे. मग नातीचं काय चुकलं? आणि सासूबाईंचे स्वतःचे दंड बघितलेत का कधी? आमच्याकडे लग्नाकार्यात ज्या बायका दोन्ही हातांवर पुरणाचा मांडा झुलवत मोठा करून खापरावर टाकतात, त्यांचे हात मी पाहिलेत. अशा हाताच्या बाईला लोक लांबून बोलावणं पाठवतात. त्याच आखाजीला पोरींनी झोके उंच चढवले असतील, ते काय नुसत्या बांगड्यांच्या जोरावर?

सासूबाईंना मात्र तुम्ही सांगायला जाऊ नका, वाद होईल आणि मुलगी त्यात आणखी आक्रसेल. हे काम तुमच्या यजमानांचं. आई त्यांची आहे. सगळ्यांसमोर ती थट्टा झाली तेव्हा ते तिथेच होते ना?

हे सगळं मी मोठ्या तोंडाने लिहितेय, म्हणून माझंही सांगते. शालेय कबड्डीत वजनाची मर्यादा असते. १९९४ साली आमच्या शाळेत काटा नव्हता, म्हणून मी मुलींना जिनिंगवर नेऊन कापसाच्या काट्यावर उभं करायची आणि आकडा मोठ्याने ओरडायची, वहीत लिहिणारी पोर लांब बसलेली असायची म्हणून. हमाल, गाडीवाले, सगळे ऐकायचे. मुलांचंही तसंच ओरडायची, पण मुलाचं वजन ऐकून कुणी त्याला नाव ठेवत नसे. एवढा साधा फरक माझ्या डोक्यात शिरायला निवृत्ती यावी लागली. त्या वर्षी माझी सगळ्यात चांगली चढाई करणारी मुलगी ६०० ग्रॅम जास्त भरली. ऑक्टोबरच्या उन्हात तिला दोन स्वेटर घालून मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या, सकाळपासून पाण्याचा घोट दिला नाही. वजन बसलं. पहिल्याच चढाईला ती मध्यरेषेवर मटकन खाली बसली. मी तिला रागावले.

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ७ ऑगस्ट २०२४ च्या सकाळी विनेश फोगाटचं वजन ५० किलोच्या वर १०० ग्रॅम भरलं आणि अंतिम कुस्ती न खेळताच ती बाद झाली, तेव्हा मला ते दोन स्वेटर आठवले. आदल्या दिवशी तिने तीन कुस्त्या मारल्या होत्या, पहिलीच जपानच्या युई सुसाकीला हरवून, जी तोवर कोणत्याही परदेशी मल्लाकडून हरली नव्हती. रात्रभर घाम काढला, केससुद्धा कापले. आता, वजनाचा नियम बाई आणि पुरुष दोघांना सारखाच आहे, त्यात मी भेदभाव शोधणार नाही. अमन सेहरावतनेही त्याच स्पर्धेत कांस्यपदकाच्या कुस्तीआधी रातोरात ४.६ किलो उतरवले. भेदभाव होता आमच्या कॉलनीतल्या बाकड्यावर. अमनचं वाचून निवृत्त मंडळी म्हणाली, “काय जिद्द आहे पोराची!” विनेशचं वाचून म्हणाली, “एवढं खाल्लं कशाला मग?” मी चहा अर्धा ठेवून उठले.

माझी ती चढाईवाली मुलगी मध्यंतरी अमळनेरला एका लग्नात भेटली. दोन मुलांची आई आहे. “बाई, आमच्या घरात वजनकाटा नाही,” एवढंच म्हणाली आणि माझ्या पानात मांडा वाढला.

पत्रात एके ठिकाणी तुम्ही ‘लग्न’ लिहून खोडलंय, ते मला दिसलं. मुलगी बारावीला आहे, त्यावर मी लिहिणार नाही. डॉक्टर काय म्हणाले ते मात्र कळवा.

*मॅडम, मी नंदुरबार जिल्ह्यात एका शाळेत नवा क्रीडाशिक्षक आहे. खो-खोच्या मुली हाफपँटवर सराव करतात म्हणून गावातले दोघे पुढारी शाळेत आले. मुख्याध्यापक म्हणतात, सलवार आणि ओढणीवर खेळवा, कटकट मिटवा. पण संघातल्या दोन मुलींना स्वतःलाच हाफपँट नको आहे. मी कुणाचं ऐकू?*

सर, तुम्ही शेवटी लिहिलेल्या त्या दोन मुलींचं.

ओढणी घेऊन खो-खो खेळवायचा असेल तर आधी मुख्याध्यापकांनी स्वतः उपरणं घेऊन एक पाळी खेळून दाखवावी. बसलेल्या मुलीच्या ओढणीवर पाय पडून पळणारी तोंडावर आपटलेली मी पाहिली आहे, दोन दात गेले तिचे. आम्ही १९७० च्या दशकात सलवारवर कबड्डी खेळलो, आणि समोरची आमचा पाय धरायची नाही, सलवारीचा घोळ धरायची!

पण हाफपँट घालायला लावणं हीसुद्धा जबरदस्तीच. कपडा कुणाच्या नजरेसाठी ठरतो, तेवढं बघा. जुलै २०२१ मध्ये युरोपात बीच हँडबॉलच्या स्पर्धेत नॉर्वेच्या मुलींनी बिकिनीऐवजी आखूड चड्डी घातली म्हणून त्यांना १५०० युरो दंड झाला. पुरुष खेळाडू मात्र खुशाल सैल चड्डीवर खेळत होते. आरडाओरडा झाला तेव्हा नियम बदलला. त्याच महिन्यात इंग्लंडमध्ये ऑलिव्हिया ब्रीन या पॅरा धावपटूला एका अधिकारीबाईने सांगितलं की तुझी चड्डी फारच आखूड आहे. म्हणजे एकीचं कापड जास्त झालं, दुसरीचं कमी. बॅडमिंटनवाल्यांनी तर २०११ मध्ये बायकांनी स्कर्टच घालावा असा नियम काढला होता, खेळ देखणा दिसावा म्हणून. खेळाडूंनी विरोध केला, २०१२ मध्ये तो गुंडाळावा लागला. उलट टोकियो ऑलिम्पिकमध्ये जर्मनीच्या जिम्नॅस्ट मुली घोट्यापर्यंतच्या पोशाखात उतरल्या, कारण त्यांना त्यात बरं वाटत होतं.

तुम्ही एवढं करा. ज्यांना नको त्यांना अंगाबरोबर बसणारी लांब पँट आणि पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट द्या, रंग मात्र सगळ्यांचा एक. खांबावर सूर मारताना गुडघे सोलवटत नाहीत, हा फायदाच. कापड गडद निवडा. पांढरी पँट असली की पाळीच्या दिवसांत मुलगी पळताना मागे बघत राहते. इंग्लंडच्या महिला फुटबॉल संघाने २०२३ मध्ये पांढरी चड्डी टाकून निळी घेतली ती याच काळजीने. पुढाऱ्यांना संघाच्या सामन्याला बोलवा, पुढच्या रांगेत नाही, गुणलेखकाच्या मागे बसवा आणि गुण मोजायला लावा. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, त्यात आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं, प्रियांका इंगळे कर्णधार होती. तो सामना मोबाइलवर दाखवा त्यांना. कपड्यांकडे लक्ष गेलं का, ते मग विचारा. आणि मुलांचा संघ काय घालून खेळतो, हे अजून कुणी विचारायला आलेलं नाही ना?

*बाई, मी भुसावळची. रोज पळते. उन्हाने काळी पडले म्हणून आत्याने गोरेपणाची क्रीम आणून दिली. लावू का? माझ्याबरोबर पळणाऱ्या भावाला दिलेली नाही.*

पोरी, शेवटचं वाक्य लिहिलंस तेव्हाच तुझं उत्तर तुला मिळालं होतं. क्रीम आत्याला परत दे. लावायचंच असेल तर सनस्क्रीन लाव, एसपीएफ ३० किंवा जास्त, निघायच्या पंधरावीस मिनिटं आधी, आणि भावालाही लावायला सांग, ऊन त्यालाही लागतं. भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा पहाटे साडेपाचला निघून सातच्या आत घरी यायचं. बाटलीत पाणी, त्यात चिमूटभर मीठ, थोडी साखर आणि अर्धं लिंबू. चक्कर आली, घाम यायचा थांबला किंवा बोलताना जीभ अडखळली तर पळणं तिथेच थांबवून सावलीत बसायचं आणि अंगावर पाणी ओतून घ्यायचं. भावाला तेवढ्यासाठी बरोबर ठेव.