न सांगता दारू सोडवायची पावडर द्यावी का?

प्रश्न : ताई, माझे मिस्टर ४२ वर्षांचे आहेत, रोज पितात, आता तर सकाळी उठल्या उठल्या हात थरथरतात म्हणून थोडी घ्यावीच लागते. डॉक्टरकडे यायला तयार नाहीत. नणंदेने एक पावडर आणून दिलीय, आमटीत टाकायची, त्यांना कळणार पण नाही आणि दारूची किळस येईल म्हणे. देऊ का?

उत्तर : नका देऊ, प्लीज. अशा पुडीत नक्की काय आहे हे बऱ्याचदा लिहिलेलंच नसतं. त्यात डायसल्फिराम असू शकतं, ते खरं औषध आहे, पण डॉक्टर ते पेशंटला सगळं समजावून, त्याच्या मर्जीने आणि दारू बंद असतानाच देतात. दारू पोटात गेली की शरीर तिचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड हे विषारी रसायन करतं आणि मग ते मोडतं, हे औषध ते मोडणंच अडवतं, मग तोंड लालभडक, उलट्या, धडधड, बीपी खाली. ज्याला हे माहितीय तो त्या धास्तीनेच पीत नाही. तुमच्या मिस्टरांना माहीतच नसणार, ते रोजच्यासारखेच पिणार, आणि हार्टचा त्रास असेल तर जिवावर बेतू शकतं.

पण मला पावडरीपेक्षा ती सकाळची थरथर जास्त काळजीची वाटतेय. शरीराला दारूची सवय झालीय त्याचं ते लक्षण आहे. अशा माणसाची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका, बाटल्या फेकून खोलीत कोंडणं तर अजिबात नको, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, नंतर भ्रम होतो, माणूस दगावू पण शकतो. हे दवाखान्यातच व्हायला हवं, तिथे गोळ्या आणि बी-१ व्हिटॅमिन देऊन दारू सुरक्षित थांबवता येते. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात विचारा.

ते येत नसतील तर आधी तुम्ही एकट्या जा, खरंच. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी फोन फुकट आहे, पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करतंय, आणि पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी अल-अनॉन या गटाच्या मीटिंगा असतात. पिऊन आल्यावर वाद नको. शुद्धीत असताना दारूचं नाव न काढता, हात का थरथरतात ते दाखवून येऊ, एवढंच म्हणा, आणि डॉक्टरांना मात्र रोजचं पिणं स्पष्ट सांगा. नणंदेलाही सोबत घ्या, तिला भावाची काळजी आहे म्हणूनच तर तिने ती पुडी आणली, आणि बहिणीचं ते कदाचित ऐकतील.