छोट्या चर्चला आठवडाभर कुलूप का असतं, आणि त्याची देखभाल कोण करतं?

तुमचा प्रश्न वाचून हसू आलं, कारण अशाच एका कुलपाची किल्ली माझ्या खिशात असते. तुमची नुकतीच सांगलीला बदली झाली आहे, घरासमोर एक जुनं छोटं चर्च आहे आणि रविवार सोडून ते कायम बंद दिसतं. आत नेमकं काय चालतं, एवढी जुनी इमारत सांभाळतं कोण, बाहेरून पैसे येतात का आणि ख्रिस्ती नसलेल्या माणसाला आत जाता येतं का, असं तुम्ही विचारलंय. तुमच्यासमोरचं चर्च आमचंच असेल असं नाही. पण मी सांगलीतल्याच एका साठ-बासष्ट कुटुंबांच्या मंडळीचा, म्हणजे चर्चच्या सभासदांचा, अकरा वर्षं खजिनदार आहे, त्यामुळे आमच्याकडचं सांगतो.

कुलपाचं कारण अगदी साधं आहे. पूर्वी आवारात एक शिपाई सहकुटुंब राहायचा. घंटा वाजवणं, दिवाबत्ती, झाडलोट सगळं त्याच्याकडे. तो म्हातारा होऊन गावी गेला आणि पगारी माणूस ठेवणं आम्हाला परवडेना. मग एकदा दोन पंखे आणि दानाची पितळी थाळी चोरीला गेली, तेव्हापासून कुलूप. तरी इमारत वाटते तितकी रिकामी नसते. बुधवारी संध्याकाळी प्रार्थनासभा, शुक्रवारी बायकांची उपवास-प्रार्थना आणि शनिवारी चारला महिला मंडळाची झाडलोट. झाडलोट आटोपली की तिथेच पेटी-तबला घेऊन उद्याच्या गीतांचा सराव. रविवारी आधी मुलांची शब्बाथ शाळा, मग उपासना. तुम्ही कामावर असता तेव्हा यातलं निम्मं होऊन जातं.

पैशांचं बोलतो, कारण तो प्रश्न मला दर महिन्याला कोणीतरी विचारतंच. "तुम्हाला काय, अमेरिकेतून येतात" हे वाक्य मी बँकेत नोकरीला होतो तेव्हाही ऐकलं आणि आता निवृत्त झाल्यावरही ऐकतो. एके काळी येत होते, हे खरं. अमेरिकन मिशनऱ्यांचं काम या भागात कोल्हापुरातून १८५२ मध्ये सुरू झालं, पुढे ते प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेलं, आणि १८९४ मध्ये डॉ. वॉनलेस यांनी मिरजेत दवाखाना काढला. माझी आजी तिथेच नर्स झाली, आमच्या घरातली पहिली शिकलेली बाई. त्या काळच्या पैशातून भिंती उभ्या राहिल्या. पण ते पैसे मी खजिनदार व्हायच्या कितीतरी आधीच थांबले. आज परदेशी देणगी घ्यायची तर केंद्राच्या कायद्याखाली नोंदणी लागते आणि २०२० च्या दुरुस्तीपासून ती रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. आमचं खातं घराजवळच्या सहकारी बँकेत आहे. शिल्लक किती ते सांगत नाही, पासबुक भरायला गेलो की शिपाईसुद्धा सहानुभूतीनं बघतो.

दर रविवारी दानाची थैली फिरते. काही जण दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, देतात, काहींची मासिक वर्गणी असते, कोणाच्या घरी बारसं किंवा लग्न झालं तर उपकारस्तुतीचं पाकीट येतं. त्यातून वीजबिल आणि पाळकसाहेबांचं, म्हणजे आमच्या धर्मगुरूंचं, मानधन निघालं की उरतं ते इमारतीचं. आणखी एक गोष्ट लोकांना माहीत नसते. जागा मंडळीच्या नावावर नसते, विश्वस्त संस्थेच्या नावावर असते, आणि ती विकायची किंवा लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यानं द्यायची तर सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. रस्त्याकडेला गाळे काढा, भाड्यावर चर्च चालेल, असा सल्ला देणारे दर वर्षी एकदोन भेटतात. मी त्यांना चहा देतो. मालकी आमची नाही, पण गळणारं छप्पर मात्र आमचंच.

वर्षभराचा खरा आधार म्हणजे हंगामाचा सण. त्या रविवारी प्रत्येकानं आपल्या कमाईतलं पहिलं काहीतरी आणायचं. शेती आता थोड्यांकडेच उरली आहे, तरी वेदीपुढे शाळूची कणसं, हळद, तासगावकडचा बेदाणा, गुळाच्या ढेपा, नारळ, कोंबड्या, कोणी घरच्या शिलाईची झबली असं सगळं मांडलेलं असतं. उपासना संपली की आवारात लिलाव. तिथे बाजारभावाला काही किंमत नाही. एका वर्षी एका आजीबाईंनी कुंडीतलं एकच लिंबू आणलं होतं. दोन साडूंमध्ये चुरस लागली आणि ते लिंबू सातशे रुपयांना गेलं. ज्यानं घेतलं त्यानं ते परत आजींच्या हातात ठेवलं, आजींनी पुन्हा लिलावात टाकलं, आणखी तीनशे आले. पुकारा करणाऱ्याचा घसा संध्याकाळपर्यंत बसतो. त्या एका दिवसात चार-पाच महिन्यांच्या थैलीइतकी रक्कम जमते, आणि ती कशावर खर्च होणार हे सगळ्यांना आधीच माहीत असतं. कौलं.

छप्पर सागवानी कैच्यांवर मंगलोरी कौलांचं आहे. बासल मिशननं मंगळूरला १८६५ मध्ये कारखाना काढला, तिथून ही कौलं देशभर पसरली. शंभर चौरस फुटांना दीडशेच्या आसपास लागतात आणि आमच्याकडे दर मे महिन्यात चाळीस-पन्नास तरी बदलावी लागतात. माकडं, आंब्याची फांदी, पलीकडच्या पोरांचा क्रिकेटचा चेंडू. फुटकं कौल खालून दिसत नाही, म्हणून भर दुपारी दारं-खिडक्या लावून आत अंधार करायचा आणि वर बघायचं. जिथे उजेडाचा ठिपका दिसेल तिथे खडूनं खाली फरशीवर खूण करायची. हे काम शब्बाथ शाळेची मुलं माझ्यापेक्षा चांगलं करतात. जुन्या मापाची कौलं आता नवीन मिळत नाहीत, नवी त्यांच्यात बसत नाहीत. म्हणून गावात कोणाचं जुनं घर पाडताहेत असं कळलं की आमच्यातला कोणीतरी रिक्षा घेऊन तिथे हजर.

पण तुम्ही इमारतीबद्दल विचारलंत, तर छपरापेक्षा भिंतीची हकिकत सांगायला हवी. त्यात चूक माझीही आहे.

भिंत दगडी, चुन्यात बांधलेली. माझ्या आधीच्या कमिटीनं कधीतरी, लवकर पुसता यावं म्हणून, आतून चार फुटांपर्यंत सिमेंटचा गिलावा करून त्यावर ऑइलपेंट मारला होता. दिसायला झकास. मग ऑगस्ट २०१९ चा महापूर आला. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे, त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्या आवारात छातीइतकं होतं. पाळकीणबाईंनी स्वतःच्या घरातलं काही उचलायच्या आधी बाप्तिस्मा आणि लग्नांच्या नोंदवह्या शेजारच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर पोचवल्या, म्हणून त्या तरी वाचल्या. बाकं तरंगून एकमेकांवर चढली होती. गल्लीतल्या तालमीच्या पोरांनी आपला गणपती तोंडावर आलेला असताना टँकर लावून आमचा गाळ धुऊन काढला. पेटी मिरजेला नेली. तंतुवाद्यांचं ते गाव, पण पेटीचा कारागीरही तिथेच सापडला. त्यानं ती उघडली तेव्हा भात्यातून वाटीभर चिखल निघाला.

गाळ गेला, पण भिंत वाळेना. ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला, हात लावला की गारच. आमचे मिस्त्री चाचा, ज्यांच्या वडिलांनीही या चर्चचं काम केलेलं, त्यांनी भिंतीवर टिचकी मारून सांगितलं, "तोंड दाबलंय तुम्ही हिचं. पाणी जाणार कुटनं?" चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट आणि ऑइलपेंट तिला अडवून धरतात. मग ती आतल्या आत वर चढते आणि पाण्यातले क्षार भिंतीवर लोणा होऊन फुटतात. चाचांचं म्हणणं, सगळा गिलावा खरवडा, एक अख्खा उन्हाळा भिंत उघडी ठेवा, मग बघू.

नाताळ महिन्यावर आला होता. त्या डिसेंबरात मंडळीतल्या दोन मुलींची लग्नं त्याच चर्चमध्ये ठरली होती. दगड उघडे पडलेल्या भिंतीसमोर फोटो कसे काढायचे? एका सभासदानं रंगाचे डबे फुकट देऊ केले आणि मी, हिशेबाचा माणूस, फुकट म्हटल्यावर हो म्हणालो. नाताळ सुंदर झाला. फेब्रुवारीत पोपडे सुटायला लागले, मार्चपर्यंत भिंत देवी आल्यासारखी दिसत होती. मग टाळेबंदी लागली. चाचा काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

नोव्हेंबर २०२० मध्ये प्रार्थनास्थळं उघडली तेव्हा आम्ही गुपचूप छिन्नी-हातोडा घेतला. मजुरी द्यायला पैसे नव्हते, तेव्हा तरुण संघाची मुलं आणि आम्ही पेन्शनर शनिवार-शनिवारी खरवडत होतो. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला, ५५ फुटांच्या आसपास. या वेळी आत गुडघ्याच्या थोडं वर पाणी होतं, पण भिंत उघडी होती. फेब्रुवारीपर्यंत तिच्यावर तळहात ठेवला तर कोरडा राहायचा. तो दिवस मी वहीत लिहून ठेवलाय.

त्या उन्हाळ्यात चुन्याचा गिलावा केला. कळीचा चुना हौदात भिजवून बरेच दिवस मुरवला. चाचांनी त्यात घालायला गूळ आणि हिरड्याचं पाणी मागितलं. जुनी पद्धत आहे, चुना धरून राहतो म्हणतात. मी गूळ विकत आणायला निघालो तर महिला मंडळाच्या मावशी म्हणाल्या, हंगामाच्या सणातल्या दोन ढेपा पडून आहेत, कोणी उचलल्याच नाहीत. त्या गेल्या भिंतीत. पहिले आठ दिवस मुंग्यांनी चर्चमध्ये मोर्चा काढला होता, पाळकसाहेबांना उपदेश करताना पाय झटकावे लागत होते.

आता भिंत ठीक आहे. दर दोन वर्षांनी चुन्याचा हात मारावा लागतो आणि टेकून बसलं की शर्टाला पांढरं लागतं. त्यावरून कुरकुर होते. पुन्हा ऑइलपेंट मारू या, असा ठराव गेल्या वार्षिक सभेत आला होता. दोन मतांनी पडला. पुढच्या वर्षी परत येईल.

आत येण्याबद्दल म्हणाल तर खुशाल या. आमच्याकडे कोणी जात-धर्म विचारत नाही, प्रभुभोजनाच्या वेळी, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस देतात तेव्हा, फक्त बसून राहिलं तरी चालतं. पण पहिल्यांदा यायचं तर शनिवारी चारला या, झाडलोटीच्या वेळी. दार उघडं असतं, गर्दी नसते, चहा मिळतो. चपला पायरीपाशी काढा. आणि उजवीकडच्या तिसऱ्या बाकावर बसू नका. पुरात त्याचा एक पाय उकलला, तो अजून डुगडुगतो.