बंद केलेल्या छोट्या एलईडी टॉर्चमधून मंद उजेड का येतो?

टॉर्च बंद असूनही एलईडी अंधारात मंद चमकत असेल, तर बहुधा मागच्या बटणातून अत्यल्प प्रवाह झिरपत असतो. काही मायक्रोअँपिअरदेखील एलईडीला पुरतात, म्हणून जो दोष जुन्या तारेच्या बल्बमध्ये कधी दिसलाच नसता, तो येथे उघडा पडतो. बटण असलेले झाकण काढून त्यातील ओल, गंज आणि सोल्डरिंगचा उरलेला फ्लक्स (जोड पक्का बसावा म्हणून लावलेला पदार्थ) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा व झाकण पूर्ण वाळवूनच पुन्हा बसवावे. बटणातच लुकलुकणारा दर्शक दिवा असल्यास त्याचा प्रवाह मुख्य एलईडीतूनही जाऊ शकतो. तो रचनेचा भाग आहे, बिघाड नव्हे. सेल काढल्यावरही उजेड काही सेकंद रेंगाळला, तर तो कपॅसिटरमधील, म्हणजे वीज साठवणाऱ्या सुट्या भागातील, उरलेला विद्युतभार समजावा आणि निर्धास्त राहावे.