चयापचय, पचन आणि कपाशीची वेचणी

यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णीकडची एम.एस्सी.ची एक विद्यार्थिनी विचारते: ‘हायपरपोलराइज्ड एमआर (एमआरआयमधलं मॅग्नेटिक रेझोनन्स) तंत्राने जिवंत उंदराचं मेटाबॉलिझम मोजतात, त्यावर मराठीत बोलायचं आहे. चयापचय म्हणू की पचनक्रिया? आणि हायपरपोलराइज्डला काय म्हणू?’

पचनक्रिया? मुळीच नाही! भजी बाधली की ‘माझं चयापचय बिघडलं’ म्हणणाऱ्यांनी हा घोळ घातलाय. चयापचय म्हणजे चय (शरीरात रचणं) आणि अपचय (मोडणं). ‘अपचय’ आणि ‘अपचन’ दिसायला शेजारी, पण पहिल्यात धातू ‘चि’, दुसऱ्यात ‘पच्’. तुझ्या प्रयोगात तर पोटाचा संबंधच नाही. कार्बन-१३ (कार्बनचा जरा जड प्रकार) घातलेलं पायरुवेट (साखर मोडताना पेशीत तयार होणारा पदार्थ) उणे २७२ अंशांच्या आसपास गोठवायचं, मायक्रोवेव्हने इलेक्ट्रॉनांचं ध्रुवण (त्यांचे चिमुकले चुंबक एका दिशेला लागणं) कार्बनच्या अणुकेंद्रांवर उतरवायचं, गरम द्रावकात झटकन विरघळवायचं आणि थेट शेपटीच्या शिरेत टोचायचं. २००३ साली ही युक्ती प्रसिद्ध झाली तेव्हा यंत्राला मिळणारा संकेत (सिग्नल) दहा हजार पटींहून वाढला होता. त्यामुळे पायरुवेटचं लॅक्टेट, अ‍ॅलनिन, बायकार्बोनेट होताना दिसतं. कर्करोगाच्या गाठीत बहुधा लॅक्टेटच जोरात. दोन-तीन मिनिटांत सारं आटपायचं, ध्रुवण भराभर ओसरतं.

आता खरी गंमत. ‘चि’ म्हणजे गोळा करणे, रचणे. संचय त्यातला, चितासुद्धा (लाकडं रचलेली). आणि पाणिनी सांगतो, शरीर या अर्थाचा ‘काय’ही ‘चि’पासूनच, च चा क होऊन. काया म्हणजेच रचलेला ढीग! मग चयापचय हा कायेच्याच घरचा शब्द झाला की नाही?

याहून पुढे, आपलं ‘वेचणे’. आमच्याकडे बाया ‘कापूस येचाले’ जातात. वाळल्या बोंडाची टोकं नखांच्या कडेला बोचतात, कमरेची ओटी भरत जाते. हे वेचणे माझ्या मते ‘वि + चि’. आणि आयुष्य वेचलं, जीव वेचला, यातलं वेचणे म्हणजे खर्चणे. पंडित म्हणतात ते निराळं, ‘व्यय’ वरून आलेलं. असेल. पण गोळा करणं नि खर्च करणं मराठीने एकाच क्रियापदात ठेवलं, आणि हे कोशात दोन नोंदी पाडून मोकळे! काहून? एकदा कपाशीच्या तासात (ओळीत) दिवसभर वाकून पाहा म्हणावं. ओटीत कापूस आणि अंगातली ताकद, दोन्ही एकदमच वेचलं जातं. मेटाबॉलिझमला ‘वेच’ म्हटलं असतं तर चार अक्षरं वाचली असती, पण ऐकतो कोण.

हो, हायपरपोलराइज्ड राहिलंच. ‘अतिध्रुवित’ म्हण. कुणी ‘अतिध्रुवीकृत’चा आग्रह धरला तर त्यालाच माइकवर तीनदा म्हणायला लाव.