मुलाला किती सांगायचं?

माझ्याकडे येणाऱ्या आईवडिलांचा एक प्रश्न ठरलेला असतो. जगात आपल्या मुलाच्या वाट्याला काय काय येऊ शकतं, ते त्याला किती सांगायचं? सांगितलं तर घाबरून बसेल, नाही सांगितलं तर गाफील राहील. मुलगी पहिल्यांदा एकटी लोकलने निघते तेव्हा डोंबिवलीतली आईही हेच विचारत असणार. मी समुपदेशक आहे, राहते अमेरिकेत, मेरीलँड राज्यात. इथे हा प्रश्न ब्लॅक मुलांच्या घरातून येतो तेव्हा त्याला वेगळी धार असते.

‘ब्लॅक’ हा शब्द मी मुद्दाम तसाच ठेवते. आपली वर्तमानपत्रं ‘कृष्णवर्णीय’ लिहितात, तो शब्द इस्त्री केलेला वाटतो. आणि ‘काळा’ म्हणावं तर आपल्या घरांतून त्याला जो वास येतो तो तुम्हाला माहीत आहे. ही मुलं स्वतःला ब्लॅक म्हणवतात. तेच बरं.

स्वातीचा फोन आला तो जानेवारीत. (नावं बदलली आहेत, आणि ओळखू येतील असे तपशीलही.) ती मूळची नाशिकची, नवरा डॅरिल बाल्टिमोरचा, आफ्रिकन-अमेरिकन. मुलगा मिहीर, वय पंधरा वर्षं नऊ महिने. हे नऊ महिने महत्त्वाचे, कारण मेरीलँडमध्ये त्या वयाला लर्नर्स परमिट मिळतं. मग मोठ्या माणसाला शेजारी बसवून ६० तास गाडी चालवायची, त्यातले १० रात्रीचे, आणि सगळे तास वहीत लिहून ठेवायचे.

“ताई, तो बोलतच नाही हो,” स्वाती म्हणाली. “आधी क्रॉस-कंट्री पळायचा, रोज सकाळी. तेही सोडलं. आणि हे सगळं डॅरिलमुळे झालंय.”

झालं होतं ते असं. परमिट मिळालं त्या शनिवारी डॅरिलने मुलाला ड्रायव्हिंग सीटवर बसवलं, पण इंजिन सुरूच करू दिलं नाही. दारातच उभ्या गाडीत अर्धा तास एकच धडा. मागे पोलिसांचे दिवे लागले तर काय करायचं? गाडीतला दिवा लाव. दोन्ही हात स्टिअरिंगवर, बोटं उघडी. हलायच्या आधी तोंडाने सांग: लायसन्स पाकिटात आहे, मी आता उजवा हात खिशाकडे नेतोय सर, चालेल का? हे वाक्य त्याने मुलाकडून चार वेळा म्हणवून घेतलं. गाडीची कागदपत्रं डॅशबोर्डच्या खणातून काढून वर सन-व्हायझरला अडकवली, म्हणजे हात खाली खणाकडे न्यायलाच नको. स्वाती हे स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. संध्याकाळी तिने कागदपत्रं परत खणात ठेवली. दुसऱ्या दिवशी डॅरिलने वर लावली. तिने पुन्हा खाली. महिनाभर दोघांचं भांडण कागदपत्रांच्या या एका पाकिटावरून चाललं होतं, तेही न बोलता.

“गाडी शिकवायची तर गाडी शिकव ना,” ती म्हणाली. “मी त्याला कुणाला घाबरायचं नाही असं सांगून वाढवलंय.”

या बाबतीत मी डॅरिलच्या बाजूची आहे, आणि ते मी तिला पहिल्याच भेटीत सांगितलं. २०१२ मध्ये फ्लोरिडात ट्रेव्हॉन मार्टिन या सतरा वर्षांच्या ब्लॅक मुलाला एका माणसाने गोळी घातली तेव्हा मिहीर तीन वर्षांचा होता. फ्लोरिडा लांब आहे, असं तिला वाटलं होतं. २०१४ मध्ये क्लीव्हलँडला खेळण्यातलं पिस्तूल हातात असलेला बारा वर्षांचा तामिर राइस पोलिसांच्या गोळीने गेला. गोळी लागल्यावर पोलिसांनी वायरलेसवर त्याचं वय सांगितलं ते ‘बहुधा वीस’. त्याच वर्षी मानसशास्त्रज्ञ फिलिप गॉफ आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता: लोक ब्लॅक मुलांचं वय सरासरी साडेचार वर्षांनी जास्त धरतात, आणि दहा वर्षांपासूनच त्यांना ‘लेकरू’ समजायचं कमी करतात. मिहीर दीड वर्षात सात इंच वाढून सहा फूट एक इंच झालेला. म्हणजे बघणाऱ्याच्या हिशेबाने वीस. आणि एप्रिल २०१५ मध्ये पोलिसांच्या व्हॅनमध्ये मानेला दुखापत होऊन बाल्टिमोरचा ब्लॅक तरुण फ्रेडी ग्रे गेला, तो ज्या वस्तीतला, तिथून डॅरिलच्या आईचं घर चालत जाण्याच्या अंतरावर. डॅरिल हे सगळं कुणाकडून ऐकून सांगत नव्हता. त्याच्या बापाने त्याला हेच शिकवलं होतं, एका जुन्या ब्युइकमध्ये बसवून.

तेव्हा माझा समज असा झाला की मूल भीतीने गप्प झालंय. मिहीर आला तेव्हा मी हलक्या आवाजात, आम्हा समुपदेशकांचा तो खास आवाज असतो ना, त्यात त्याला पोलिसांबद्दल, बातम्यांबद्दल विचारलं. त्याने माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं बघितलं. त्याचं मराठी ऐकण्यापुरतं आहे, उत्तरं इंग्रजीत. म्हणाला, “सगळ्यांना माझ्याशी तेच बोलायचं असतं. ते मला आठव्या वर्षापासून माहितेय. फोन आहे माझ्याकडे.” मग थोड्या वेळाने, “भीती वाटते. पण ती मला आणि बाबांना मिळून वाटते.”

पुढची दोन सत्रं मी जवळजवळ काहीच विचारलं नाही. एकदा त्याच्या केसांचं कौतुक केलं तेव्हा तो खुलला. लहानपणी त्याचे केस स्वातीच घरी मशीनने भादरायची, डोक्यावर टॉवेल टाकून. बारावं लागल्यावर डॅरिल त्याला बाल्टिमोरला स्वतःच्या न्हाव्याकडे घेऊन गेला. तिथे नंबर लागायला दोन तास. टीव्हीवर रेव्हन्सची, म्हणजे बाल्टिमोरच्या फुटबॉल संघाची मॅच, एक म्हातारा सगळ्यांशी बुद्धिबळ खेळतो आणि हरला की पट विस्कटतो. न्हावी कपाळावरची रेघ वस्तऱ्याने अशी आखतो की आरशात बघताना आपलं डोकं कुणीतरी पट्टीने काढलंय असं वाटतं. मग मानेवर अल्कोहोलचा बोळा, त्याची झणझण. “तिथे मला कुणी विचारत नाही, तू नक्की कोण,” मिहीर म्हणाला. “डॅरिलचा पोरगा. बस.” त्याला ते दुकान आवडायचं. आजीचं रविवारचं चर्च आणि त्यानंतरचं जेवणही आवडायचं. ब्लॅक असण्याचा हा भाग त्याला कुणी कधी विचारलाच नव्हता, मीही नाही.

इथे थोडं विषयांतर करते, कारण ‘ब्लॅक मुलांचा अनुभव’ असा एक साचा आपल्या डोक्यात असतो, आणि माझ्या खुर्चीत बसून गेलेली मुलं त्या साच्यात बसत नाहीत. एक मुलगी होती, आईवडील दोघं डॉक्टर, प्रिन्स जॉर्जेस काउंटीतली. हा देशातल्या सर्वांत सधन ब्लॅकबहुल भागांपैकी एक. चौदाव्या वर्षापर्यंत तिची शिक्षिका, दाताची डॉक्टर, गल्लीतले शेजारी सगळे ब्लॅक. आपण कुणी वेगळ्या आहोत हे तिच्या गावीही नव्हतं. मग महागड्या खासगी शाळेत गेली आणि वर्गात एकटी पडली. गुलामगिरीचा धडा आला की पंचवीस माना तिच्याकडे वळायच्या. जुन्या मैत्रिणी तिला ओरिओ म्हणायला लागल्या, बिस्किटासारखी, बाहेरून काळी आतून पांढरी. दुसरी मुलगी नायजेरियन नर्सची. घरात ऐकायची, “आपण त्यांच्यासारखे नाही, आपण शिकायला आलोय,” शाळेत ‘ते’, म्हणजे इथली ब्लॅक मुलं, तिच्या उच्चारांची नक्कल करायची, आणि मॉलमधला सुरक्षारक्षक मात्र काही फरक न करता तिच्याही आणि त्यांच्याही मागे मागे फिरायचा. ‘आपण त्यांच्यासारखे नाही’ हे वाक्य मी आमच्या मंडळाच्या कोजागिरीलाही ऐकलंय, म्हणून लक्षात राहिलं. गोऱ्या कुटुंबाने दत्तक घेतलेला एक इथिओपियन मुलगाही होता. त्याची तक्रार एवढीच की घरात त्याच्या केसांना लावायचं तेल कुणाला कळत नाही.

मिहीरचं काय बिनसलंय ते पाचव्या सत्रात कळलं. आणि मला, मराठी बाईला, ते ऐकणं सोपं गेलं नाही.

आदल्या सप्टेंबरातला गणेशोत्सव. भाड्याने घेतलेला शाळेचा हॉल. मिहीर आणि डॅरिल सकाळपासून टेबलं लावत होते. कुर्ता घामाने भिजला म्हणून मिहीरने काळा टी-शर्ट घातला आणि बटाटेवड्यांचा ट्रे घेऊन आत आला. एका काकूंनी त्याला इंग्रजीत सांगितलं, ट्रकमधून अजून प्लेट्स आण. ट्रक केटररचा होता. याने आणल्या. मग त्याच काकू स्वातीला म्हणाल्या, “या वेळचे केटरिंगवाले चांगले आहेत गं. पोरगं कामसू आहे.”

“अहो काकू, माझाच मुलगा तो.”

“अगंबाई! उंच किती झालाय, ओळखूच आला नाही.”

सगळे हसले.

“आईपण हसली,” मिहीर म्हणाला. ‘आईपण’ हे त्याने मराठीत म्हटलं.

पळणं त्यानंतर आठवड्याभरात सुटलं. त्याचा रस्ता ज्या कॉलनीतून जायचा तिथे मंडळातली तीन घरं होती, तिन्हींच्या दारावर कॅमेऱ्याची बेल. पहाटे सहा वाजता हुडी घालून पळणारा आपण त्या कॅमेऱ्यात कोण दिसत असू, एवढंच त्याच्या डोक्यात घोळत राहिलं. पोलिसांबद्दल त्याच्या बापाने त्याला धडा दिला होता. काकूंबद्दल कुणीच काही दिला नव्हता.

यातलं किती आईला सांगू, असं मी त्याला विचारलं. हे विचारल्याशिवाय मी सांगत नाही, आईवडील फी भरत असले तरी. त्याने विचार करून म्हटलं, “सगळं. पण मी समोर नको.”

स्वातीला तो प्रसंग आठवत होता, पण तिच्या आठवणीत तो विनोद होता. आधी ती चिडली. “मग काय भांडायचं होतं का मी, बाप्पासमोर?” मी म्हटलं, भांडायला नको होतं. घरी येताना गाडीत एक वाक्य पुरलं असतं. ती म्हणाली, गाडीत आम्ही आरतीबद्दल बोललो. मग बराच वेळ गप्प. मग तिने सांगितलं की लग्नानंतर दोन वर्षं तिचे वडील तिच्याशी बोलत नव्हते. मिहीर झाला तेव्हा स्काइपवर तिची आत्या म्हणाली, “कृष्णच आलाय गं घरात,” आणि मागून कुणीतरी खुसखुसलं. तेव्हाही ती हसली होती. हसून साजरं करणं हा तिचा पंधरा वर्षांचा उद्योग होता. माहेर टिकवायचं, मंडळ टिकवायचं, तर दुसरा रस्ता तिला दिसला नव्हता. मी तिला दोष देऊ शकले नाही. पण मुलाने त्या हसण्याचा अर्थ वेगळा लावला होता, आणि तो लावणं त्याच्या बाजूने बरोबरच होतं.

म्हणून ‘किती सांगायचं’ असं विचारणाऱ्यांना मी आधी उलट विचारते: त्याने काय पाहिलंय ते तुम्ही विचारलंत का? मूल चौदा-पंधरा वर्षांचं होईपर्यंत त्याला बहुतेक कळलेलं असतं. आपण तेव्हा कुठे होतो आणि आपला चेहरा कसा होता, याचीही त्याने नोंद केलेली असते. सावधगिरीचा धडा द्यावाच, डॅरिलसारखा रोखठोक, आणि तो आईनेही पाठ करावा. स्वातीला मी तो माझ्या ऑफिसातल्या खुर्चीत बसवून म्हणायला लावला. ‘उजवा हात खिशाकडे नेतोय’ म्हणताना तिचा आवाज फाटला. तेवढ्याने तिला नवरा जरा समजला असावा.

फेब्रुवारीत मिहीरला शाळेत ब्लॅक हिस्ट्री मंथचं सादरीकरण करायचं होतं. मी स्वातीला सांगितलं की जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. तिला हे माहीत नव्हतं. “आमच्या शाळेत दर ११ एप्रिलला फोटोला हार घालायचे, एवढंच.” तिने मोठ्या उत्साहाने मुलाला सांगितलं. मुलगा “कूल” म्हणाला, नवव्या स्लाइडवर एक ओळ टाकली आणि पुन्हा फोनमध्ये शिरला. डॅरिलने मात्र ती अर्पणपत्रिका शोधून दोनदा वाचली, आणि हा माणूस कोण, असं रात्री अकरापर्यंत विचारत बसला.

माफीचा प्रसंग मला मिहीरकडून कळला. रात्रीच्या तासांसाठी दोघं बाहेर पडले होते. स्वाती मध्येच म्हणाली, “त्या दिवशी मी हसायला नको होतं.” तो म्हणाला, “आई, आत्ता नको, मला लेफ्ट घ्यायचाय.” लेफ्ट घेतला. पुढे दोन चौक कुणी बोललं नाही. मग त्याने विचारलं, “काकूंना सांगशील?” ती म्हणाली, “सांगेन.” सांगितलं का, ते मी विचारलं नाही. पळायला तो अजून शाळेच्या मैदानावरच जातो, कॉलनीतून नाही.

शेवटच्या सत्राला गाडी त्यानेच चालवत आणली. पार्किंगच्या दोन जागा अडवून तिरकी लावली. मी सोडायला बाहेर आले तेव्हा स्वाती मला वहीतले आकडे दाखवत होती, रात्रीचे साडेसहा तास झालेत. ड्रायव्हरच्या बाजूचा सन-व्हायझर खाली होता. कागदपत्रांचं पाकीट तिथे लावलेलं होतं, आणि ते घसरू नये म्हणून त्याला केसांचा एक जांभळा क्लचर अडकवलेला होता.